विश्लेषण : दिवसा सोने, रात्री गराडू... इंदूरच्या सराफ्यातील ही ‘रात्रपाळी’ टिकणार का?

रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास इंदूरच्या सराफा बाजारात दागिन्यांच्या दुकानांची शटर खाली येऊ लागतात. त्याच ओट्यांवर काही मिनिटांत शेगड्या, कढया आणि तवे मांडले जातात. दिवसभर जिथे तोळे-ग्रॅमचा हिशेब चालतो, तिथे मध्यरात्रीनंतरही पाव किलोची जिलेबी तळली जाते. उज्जैनच्या महाकाल दर्शनाला जाणारे महाराष्ट्रातले असंख्य पर्यटक आता एक रात्र इंदूरसाठी राखून ठेवतात, ती याच गल्लीसाठी. मात्र गेल्या काही वर्षांत याच बाजाराच्या भवितव्यावरून वाद सुरू आहे. सराफांना खाद्यपदार्थांची दुकाने नको आहेत, खवय्यांना ती हवी आहेत आणि महापालिका मधला मार्ग शोधते आहे. हा बाजार नेमका चालतो कसा, तिथे खायचे काय आणि वादाचे मूळ कशात आहे, याविषयी...

सराफा चौपाटी म्हणजे नेमके काय?

सर्वप्रथम नावाबद्दल. इंदूरला समुद्र नाही, तरीही स्थानिक लोक या जागेला ‘सराफा चौपाटी’ म्हणतात. मुंबईकरांना ते गमतीचे वाटेल, पण हिंदी पट्ट्यात चौपाटी म्हणजे खाण्याच्या गाड्यांची जागा, एवढाच अर्थ उरला आहे.

होळकरांच्या सात मजली राजवाड्याला लागून जुन्या शहराच्या गल्ल्या सुरू होतात. कापड, भांडी, पुस्तके आणि सोने-चांदी अशा व्यवसायांनुसार वाटलेले हे बाजार आहेत. त्यातलाच एक सराफा. 1818 च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. पुढे 19 व्या शतकात माळव्यातल्या अफूच्या व्यापाराने शहरात पैसा खेळू लागला. हुंड्या वटवणाऱ्या आणि सोने-चांदीचा व्यवहार करणाऱ्या पेढ्या वाढल्या. सराफा हा त्या काळापासूनचा पैशाचा बाजार आहे. खाण्याचा बाजार त्याच्या अंगाखांद्यावर नंतर वाढला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सराफा ही ‘फूड स्ट्रीट’ म्हणून कोणी आखलेली जागा नाही. एकाच रस्त्याची दोन व्यवसायांनी केलेली वेळेची वाटणी, असे तिचे स्वरूप आहे. दिवस सराफांचा, रात्र हलवायांची. त्यामुळे इथल्या बहुतेक विक्रेत्यांचे पक्के दुकान नाही. कढई, शेगडी, परात, दिवा आणि दोन-तीन माणसे एवढाच संसार. रात्री मांडायचा आणि पहाटेपूर्वी उचलायचा. सकाळी सराफ दुकान उघडायला येतो तेव्हा ओट्यावर तेलाचा डागही दिसता कामा नये, हा त्या वाटणीतला अलिखित करार आहे.

सोन्याच्या दुकानासमोर खाण्याचे दुकान आलेच कसे?

याचे लेखी उत्तर सापडणे कठीण आहे. सांगितली जाणारी कथा मात्र सगळीकडे एकच आहे. रात्री दुकाने बंद झाल्यावर बाजार सुनसान होई आणि चोरीची भीती वाढे. तेव्हा सराफांनीच हलवायांना ओट्यावर बसायला सांगितले, म्हणजे रात्री उशिरापर्यंत वर्दळ राहील आणि वेगळा पहारा ठेवायला नको. ही कथा शब्दशः खरी असेल किंवा नसेल, पण तिच्यातला व्यवहार पटण्यासारखा आहे. शंभर माणसे उभी असलेल्या गल्लीत शटर तोडायला कोण येणार?

अशी व्यवस्था फक्त इंदुरात नाही. अहमदाबादचा माणेक चौक हे याचे दुसरे ठळक उदाहरण. तिथेही सकाळी भाजी, दिवसा सराफी आणि रात्री खाणे असे एकाच चौकाचे तीन अवतार होतात. दोन्ही शहरे व्यापाऱ्यांची, दोन्हीकडे जुना सराफ बाजार आणि दोन्हीकडे रात्रीचे खाणे शाकाहारी. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. तिजोऱ्यांच्या बाजारात रात्रीची वर्दळ ही त्या काळी स्वस्तातली सुरक्षा होती, असे मानायला त्यामुळे जागा आहे.

इंदूरला रात्र जागवण्याची सवयही जुनीच. अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांच्या ‘झांक्या’ म्हणजे रोषणाईचे चित्ररथ रात्रभर शहरातून निघतात. गिरण्या बंद पडल्या, पण मिरवणुकीची प्रथा कामगारांनी टिकवली. गणेशोत्सव आणि मराठी घरे यांचा इंदूरशी असलेला संबंध मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. ज्या बसस्थानकावर महाराष्ट्रातले अनेक प्रवासी उतरतात, त्या सरवटे बसस्थानकाचे नावही तात्यासाहेब सरवटे या मराठी स्वातंत्र्यसैनिकाचे आहे.

स्थानिक मार्गदर्शक कशासाठी लागतो?

गल्ली लहान आहे, दुकाने समोरच आहेत आणि मोबाइलमध्ये नकाशा आहे. मग मार्गदर्शक कशाला, असा प्रश्न पडतो. सराफ्यात पहिल्यांदा जाणाऱ्याची चूक जवळपास ठरलेली असते. तोंडाशीच जिलेबी दिसते, ती घेतली जाते, त्यावर रबडी पडते आणि वीस मिनिटांत पोट भरते. गराडू आणि कीस राहूनच जातात.

शहरात रात्रीच्या ‘फूड वॉक’ नेणारे मार्गदर्शक आता सहज मिळतात. हॉटेलमार्फत किंवा ऑनलाइन नोंदणी होते. त्यांच्याबरोबर फिरण्याचा खरा फायदा पदार्थांच्या यादीत नाही. ती यादी कुठेही मिळते. फायदा क्रमात आणि प्रमाणात आहे. चांगला मार्गदर्शक आधी काहीही न खाता गल्लीची एक फेरी मारायला लावतो. मग चौघांत एक द्रोण असा हिशेब ठेवतो. तिखट-खारट आधी, गोड नंतर आणि शिकंजी सर्वांत शेवटी. एखाद्या कढईतले तेल काळे पडले असेल तर तो काही न बोलता पुढच्या दुकानाकडे वळतो. हे शहाणपण नकाशात नसते.

दुसरे म्हणजे भाषा. इथे कोणालाही हाक मारायची तर ‘भिया’. भैय्याचे हे इंदुरी रूप हाक, नमस्कार, आश्चर्य आणि तक्रार अशा सगळ्या कामांना चालते. ‘भिया, जीरावन कम’ एवढे म्हणता आले तरी निम्मे काम होते.

आणि तिसरे, सगळ्यांत महत्त्वाचे. मार्गदर्शक मान वर करायला लावतो. खाण्याच्या नादात सगळ्यांची नजर कढईवर असते. वर पाहिले की ओट्यामागे सराफाच्या पेढीची पाटी दिसते, त्याच्या वर जुन्या घराची लाकडी गॅलरी दिसते आणि मधून विजेच्या तारांचे जाळे गेलेले दिसते. पुढे येणारा वाद समजून घ्यायचा तर हे चित्र डोळ्यांसमोर हवे.

सुरुवात कशाने करावी?

भुट्टे का कीसपासून. मक्याचे कणीस किसणीवर किसायचे, तुपावर जिरे-हिंग-मिरचीची फोडणी द्यायची आणि दूध घालून मंद आचेवर शिजवायचे, इतकी ही सोपी कृती. गोम ढवळण्यात आहे. किसल्यामुळे दाण्यातले पिठूळ सत्त्व मोकळे होते आणि ते दूध धरून ठेवते. त्यामुळे कीस दाट होतो, पण दोन मिनिटे दुर्लक्ष झाले की तळाला लागतो. म्हणून कीसवाल्याचा हात कधी थांबत नाही. वरून खोबरे, कोथिंबीर, लिंबू. चवीला हा पदार्थ उपमा आणि खीर यांच्या मधोमध कुठेतरी बसतो. वाचायला विचित्र वाटते, पण दुसरा घास लगेच घेतला जातो.

गराडू मात्र ज्या-त्या मोसमातच. कोनफळाच्या जातकुळीतला हा कंद माळव्यात थंडीत येतो. सोलून, तुकडे करून आधी अर्धवट शिजवतात किंवा मंद तेलात तळून काढतात. गिऱ्हाईक आले की तेच तुकडे कडक तेलात पुन्हा सोडतात. पहिल्या फेरीत आतला भाग शिजतो, दुसऱ्या फेरीत वरचे पाणी उडून कवच तयार होते. एकदाच तळला तर एक तर आतून कच्चा राहील किंवा बाहेरून करपेल. वरून लिंबू पिळायचे आणि जीरावन भुरभुरायचे. डिसेंबर-जानेवारीत गेलेल्याने गराडू चुकवू नये आणि मे महिन्यात कोणी आग्रहाने गराडू देऊ लागला तर थोडा विचार करावा.

हे जीरावन म्हणजे इंदूरची सही आहे. जिरे, धणे, बडीशेप, आमचूर, काळे मीठ, हिंग, सुंठ असे बरेच काही त्यात असते आणि प्रत्येकाचे प्रमाण वेगळे. पोह्यांवर, गराडूवर, काकडीवर, पेरूवर ते पडते. परतताना पर्यटक शेव आणि जीरावन ही दोन पाकिटे घेतल्याशिवाय निघत नाहीत.

मराठी माणसाची खरी परीक्षा साबुदाणा खिचडीपाशी होते. आपल्याकडे साबुदाणा भिजवून, दाण्याचे कूट घालून तुपावर परततात. सराफ्यात तसे नसते. इथे साबुदाणा वाफेवर मऊ शिजवून गरम ठेवलेला असतो. मागणी आली की परातीत घेऊन त्यात मसाला, मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मुठीने उपवासाचा चिवडा कालवतात. म्हणजे ती खिचडी कमी आणि भेळ जास्त. उपवासाच्या दिवशी आजी याला मान्यता देईल का, हा प्रश्न बाजूला ठेवला, तर रात्री अकरा वाजता उभ्याने खायला हाच प्रकार अधिक सोयीचा आहे. फोडणी नाही, परतणे नाही, अर्ध्या मिनिटात द्रोण हातात.

खोपरा पॅटिस हाही असाच फसवा पदार्थ. दिसायला बटाटवडा, पण आत बटाट्याच्या पारीत ओल्या खोबऱ्याचे गोडसर-आंबटसर सारण. आणि मग दहीवडा. सराफ्यातील जोशी यांच्या दहीवड्याचे चित्रफितींतून देशभर नाव झाले ते द्रोण हवेत भिरकावून झेलण्याच्या करामतीमुळे. दही न सांडता द्रोण परत हातात येतो. एकाच चिमटीत वेगवेगळे मसाले धरून ते एकेक करून सोडण्याचाही खेळ होतो. गर्दी खाण्यासाठी किती आणि चित्रीकरणासाठी किती, हे सांगणे आता अवघड झाले आहे. वडा मात्र खरोखर चांगला असतो, हे नोंदवायला हवे.

गोडाची बाजू किती झेपते?

इंदूरला गोडाचे वावडे नाही, उलट प्रमाणाचे वावडे आहे. साधी जिलेबी इथे ‘जलेबा’ होते. एका नगाचे वजन पाव किलोच्या घरात जाते. ती चौघांत मोडून खाण्याची वस्तू आहे, पण काही जण पैज लावून एकट्याने संपवतात. मावा बाटी हा गुलाबजामचा थोरला भाऊ. खव्याच्या गोळ्यात सुकामेवा भरून तळलेला आणि पाकात मुरवलेला. हिवाळ्यात मुगाचा शिरा आणि गाजर हलवा यांच्या परातींमधून वाफा निघत असतात. तव्यावर मालपुवा, बाजूला रबडी.

शेवटी शिकंजी. उत्तर भारतात शिकंजी म्हणजे लिंबू सरबत. इंदुरी शिकंजी मागवून लिंबाची वाट पाहणाऱ्याच्या हाती आटवलेल्या दुधाचा, केशर आणि सुक्यामेव्याचा दाट पेला येतो. त्यात किंचित आंबटपणा असतो, तो ताक-दह्याचा. पेला लहान घ्यावा. मधुमेह असलेल्यांनी ही सगळी बाजू इतरांच्या द्रोणातल्या एका चमच्यावर भागवलेली बरी. रात्री एक वाजता साखर मोजणारे दुकान सराफ्यात नाही.

मग वाद कशाचा आहे?

सराफांच्या संघटनेचे म्हणणे असे की, पूर्वी मोजके हलवाई ओट्यावर बसत. आता दुकानांची संख्या कितीतरी वाढली आहे, ती ओट्यावरून रस्त्यावर उतरली आहेत आणि दागिन्यांचा व्यवहार संपायच्या आत मांडामांड सुरू होते. सणासुदीला किंवा लग्नसराईत रात्री नऊनंतरही गिऱ्हाईक सोन्याच्या दुकानात येऊ पाहते. त्याला द्रोणांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. शिवाय ज्या सुरक्षेसाठी ही व्यवस्था आली असे म्हणतात, तिचे काम आता कॅमेरे आणि अलार्म करतात. सराफाला हलवायाची गरज उरलेली नाही, हा या वादाचा न बोलला जाणारा गाभा आहे.

दुसरा मुद्दा आगीचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 6 फेब्रुवारी 2024 रोजी मध्य प्रदेशातीलच हरदा येथे फटाक्यांच्या कारखान्यात भीषण स्फोट झाला. त्यानंतर इंदुरातही दाट वस्तीतील धोक्यांची चर्चा सुरू झाली आणि सराफ्यातील गॅस सिलिंडरकडे लक्ष गेले. महापालिकेने यासाठी समितीही नेमली. 2025 मध्ये सराफ व्यापाऱ्यांनी चौपाटी अन्यत्र हलवण्याची मागणी पुन्हा जोरात लावून धरली.

तांत्रिक बाजू समजून घेऊ. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि गटारात, तळघरात, पायरीखाली साचतो. मोकळ्या मैदानात वारा त्याला पांगवतो. दोन्ही बाजूंनी उंच भिंती असलेल्या अरुंद गल्लीत तो साचून राहण्याचा धोका जास्त. व्यावसायिक सिलिंडरमध्ये 19 किलो गॅस असतो. एका ओळीत लागलेल्या दुकानांचे सिलिंडर एकमेकांपासून हाताच्या अंतरावर, बाजूला तापलेले तेल आणि गर्दी इतकी की अग्निशमन बंबाला आत शिरायला वाट नाही. ओट्यामागच्या जुन्या घरांत लाकूड भरपूर आहे. सराफी कारागिरांच्या कामातही गॅसची ज्योत आणि रसायने असतातच, त्यामुळे धोका एकट्या हलवायांच्या माथी मारता येत नाही. पण रात्री गल्लीत माणसे शेकडो असतात, हे त्यांना नाकारता येत नाही.

तिसरा मुद्दा पदार्थांचा. भुट्टे का कीस आणि मावा बाटीच्या शेजारी आता मोमो, नूडल्स, पिझ्झा आणि धूर सोडणारी नायट्रोजन बिस्किटेही आली आहेत. जुन्या इंदूरकरांची तक्रार सराफांपेक्षा वेगळी आहे. त्यांना चौपाटी हवी आहे, पण ही नको. महापालिकेची भूमिकाही साधारण त्याच दिशेने गेली. चौपाटी ही शहराची ओळख असल्याने ती तिथेच राहावी, मात्र परंपरागत पदार्थांच्या ठरावीक दुकानांनाच परवानगी असावी, असा तो मधला मार्ग.

ऐकायला तो ठीक वाटतो. प्रत्यक्षात प्रश्न सुटत नाहीत. परंपरागत म्हणजे किती वर्षांचे? तीन पिढ्यांपासून ओटा सांभाळणाऱ्याने मुलाच्या आग्रहाने मोमो ठेवले, तर तो परंपरागत की नवा? आणि दहा वर्षांपूर्वी आलेला, पण उत्तम गराडू तळणारा कोणत्या यादीत? काही ओट्यांचे भाडे सराफ दुकानदारच घेतात, असेही बाजारात बोलले जाते. तसे असेल तर तक्रारदार आणि लाभार्थी अनेकदा एकाच पाटीखाली बसलेले आहेत.

कायदा काय सांगतो?

इथे 2014 चा पथविक्रेता कायदा महत्त्वाचा ठरतो. पथविक्रेत्यांची उपजीविका जपणे आणि रस्त्यावरील विक्रीचे नियमन करणे अशा दोन्ही हेतूंनी तो केला गेला. या कायद्यातल्या चार गोष्टी सराफ्याला थेट लागू पडण्यासारख्या आहेत.

पथविक्रेत्याची व्याख्या फक्त रस्ता-पदपथापुरती नाही, तीत खासगी जागेचाही उल्लेख आहे. म्हणजे सराफाच्या ओट्यावर बसलेला हलवाई केवळ त्या कारणाने कायद्याबाहेर जात नाही. कायद्यात वेळवाटणीची कल्पनाही आहे. एखाद्या जागेवर ठरावीक वेळेतच विक्रीची मुभा असेल, तर ती वेळ संपताच विक्रेत्याने रोज आपले सामान हटवले पाहिजे, असे बंधन त्यात घातले आहे. सराफ्यात कित्येक दशके जे तोंडी चालत आले, तेच इथे कायद्याच्या भाषेत आले आहे. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जात नाहीत, तोवर विक्रेत्यांना हटवता येत नाही. निर्णयात सहभागी असणाऱ्या शहर समितीत किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात.

सगळ्यांत महत्त्वाची तरतूद मात्र कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. राज्यांनी करायच्या योजनेत कोणती तत्त्वे असावीत, हे तिथे दिले आहे. विक्रेते आणि ग्राहक परंपरेने जिथे एकत्र येतात, अशा ‘नैसर्गिक बाजारा’त पथविक्रेत्यांचा व्यवसाय 50 वर्षांहून अधिक काळ चालू असेल, तर तो वारसा बाजार घोषित करावा आणि तिथल्या विक्रेत्यांचे स्थलांतर करू नये, असे त्यात म्हटले आहे. सराफ्याची ख्याती पाहता हा निकष त्याच्यासाठीच लिहिला असावा असे वाटते.

पण या तरतुदीत संरक्षण आहे ते बाजाराला, पदार्थाला नाही. तिच्या आधारे मोमोवाल्याला हटवता येईल का, हा वेगळा प्रश्न आहे. आणि वारसा म्हणून घोषित झाला म्हणजे बाजार अग्निसुरक्षेच्या नियमांतून सुटला असेही नाही. सिलिंडर किती, कोणत्या अंतरावर, रबरी नळी कधी बदलली, बंबासाठी रुंदी किती मोकळी ठेवायची, हे महापालिकेला ठरवता येते आणि ठरवलेच पाहिजे. हलवायाला हाकलणे आणि हलवायाचा सिलिंडर सुरक्षित करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चेत त्या सतत एकत्र केल्या जातात.

दुसरीकडे हलवून चालणार नाही का?

इंदूरकडे याचा अनुभव आहे. शहरातील ‘छप्पन दुकान’ ही आखीव खाऊगल्ली पादचाऱ्यांसाठी मोकळी करून नव्याने बांधली गेली. काम 56 दिवसांत पूर्ण केल्याचा गाजावाजाही झाला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये तिला स्वच्छ खाद्यकेंद्राचा दर्जा दिला. बसायला बाकडी, फरसबंदी, दिवे, सगळे व्यवस्थित. ती चालतेही उत्तम. पण ती संध्याकाळची जागा आहे. रात्री तिथून निघालेले लोक सराफ्याकडेच वळतात.

दुसरा अनुभव अधिक बोलका आहे. सप्टेंबर 2022 मध्ये इंदुरात तत्कालीन बीआरटीएस मार्गालगतच्या सुमारे साडेअकरा किलोमीटर पट्ट्यात दुकाने व उपाहारगृहे 24 तास उघडी ठेवण्याची मुभा दिली गेली. आयटी आणि स्टार्टअपमधल्या तरुणांना रात्रीचे शहर मिळावे हा हेतू होता. दारू पिऊन होणारे गोंधळ आणि गुन्ह्यांच्या तक्रारी वाढल्या आणि 2024 मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली. सरकारी आदेशाने सुरू झालेली रात्र दोन वर्षेही धड टिकली नाही. कोणत्याही आदेशाविना सुरू झालेली रात्र राजवाड्यामागे अजून चालू आहे. फरक कशाने पडला असेल? एक शक्यता अशी की सराफ्यात घरातल्या तिन्ही पिढ्या येतात. कडेवर पेंगुळलेले मूल आणि हातात रबडीचा द्रोण, असे दृश्य तिथे रात्री बारालाही दिसते. जिथे आजी उभी असते तिथे गोंधळ घालायला धजावणारे कमी.

स्वच्छतेचे काय?

2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिला येणाऱ्या शहरात हा प्रश्न विचारणे इंदूरकरांना आवडत नाही, तरी तो रास्त आहे. दुकानांशेजारी कचऱ्याचे डबे असतात आणि उष्टे द्रोण रस्त्यावर टाकले तर विक्रेताच टोकतो. बाजार उठल्यावर सफाई कर्मचारी गल्ली झाडतात, धुतात. ओला कचरा देवगुराडिया येथील बायो-सीएनजी प्रकल्पाकडे जातो. फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्याची आहे आणि त्यातून मिळणाऱ्या गॅसवर शहरातील बसगाड्या धावतात. किसून उरलेल्या कणसांचा प्रवास असा थेट बसच्या टाकीपर्यंत होतो.

महाराष्ट्रातून जायचे तर?

मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेस रात्रीत इंदूरला पोहोचवते. पुण्याहूनही थेट गाडी आहे. खानदेश आणि नाशिक भागातल्यांना मात्र अजून वळसा पडतो. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली असून, तो पूर्ण झाल्यावर अंतर बरेच कमी होईल.

शनिवार-रविवार आणि सणाची रात्र टाळावी, त्या वेळी गल्लीत पाऊल टाकायला जागा नसते. दहानंतर जावे, म्हणजे सगळ्या कढया तापलेल्या असतात. गाडी राजवाड्याच्या अलीकडेच सोडून चालत आत शिरावे. लहान मुलांचा हात धरून ठेवावा, कारण उकळते तेल कमरेच्या उंचीवर असते. दुपारचे जेवण हलके असले तर उत्तम.

आणि जमल्यास एकदा संध्याकाळी सातलाच पोहोचावे. सोन्याची दुकाने अजून उघडी असतात, काचेमागे हार मांडलेले असतात, आणि बाहेर पायरीच्या कोपऱ्यात कोणीतरी कणसांचे पोते टेकवून शटर पडण्याची वाट पाहत बसलेला असतो.